जुने यंत्र आणि त्याचा वाली



या व्यासपीठावरून विद्वानांची व्याख्याने ऐकावयाची आपणांस सवय आहे. मी विद्वान नाही. सातवीनंतर शाळा सुटली, गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, आणि जे काही वाचन झाले ते बर्डीवरच्या फूटपाथवर मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांतून व युनियनच्या कचेरीतील कपाटातून झाले. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आहे. तेव्हा आज जो विषय मी मांडणार आहे तो पंडिताच्या नव्हे, तर यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने मांडणार आहे, हे प्रथमच सांगून टाकतो.

विषय निघाला तो आमच्या कचेरीतच. आमच्याकडे एक संगणक आहे. सभासदांच्या वर्गणीतून २०१६ साली घेतलेला. त्यात सभासदांची यादी आहे, भविष्यनिर्वाह निधीचे क्रमांक आहेत, कामगार न्यायालयातील खटल्यांची कागदपत्रे आहेत. हा संगणक विंडोज १० या कार्यप्रणालीवर चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने या प्रणालीची मोफत देखभाल थांबविली. आमच्या कार्यकारिणीत लागलीच दोन तट पडले. तरुण मंडळी म्हणाली, "हे डबडे टाका, नवे घ्या." खजिनदार म्हणाले, "चालते आहे ना? मग टाकावयाचे कशासाठी? नव्याचे पैसे कोण देणार?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि निर्णय मला द्यावयाचा होता. त्या निमित्ताने मी थोडे मागे वळून पाहिले. जुने चालू ठेवावे की टाकावे, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. आपल्या नागपुरात तो जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कार्यप्रणाली म्हणजे काय? संगणकाची पेटी, पडदा, कळफलक हे त्याचे शरीर. या अवयवांकडून काम करून घेणारी, कोणाला आत येऊ द्यावयाचे व कोणाला नाही हे ठरविणारी जी व्यवस्था, ती कार्यप्रणाली. गिरणीच्या भाषेत सांगावयाचे तर ती खात्यातील जॉबर, फिटर आणि फाटकावरचा पहारेकरी, तिघे एकत्र. लोखंडी यंत्र झिजते तसे हिचे झिजणे नसते. दहा वर्षांपूर्वी ती जशी चालत होती तशीच आजही चालते. मग ती जुनी होते म्हणजे काय होते? तिच्यात राहून गेलेल्या फटी चोरांना सापडत जातात. जोवर कंपनी त्या फटी बुजवून देते तोवर ठीक. कंपनीने हात काढून घेतला की नवी सापडलेली फट उघडीच राहते. यंत्र तेच, काम तेच. फक्त त्याचा वाली गेलेला असतो.

हे ध्यानात ठेवून आता एम्प्रेस मिलकडे वळू.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली कंपनी उभी केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून नाव पडले एम्प्रेस मिल. मुंबई सोडून त्यांनी नागपूर का निवडले? येथे सभोवती कापूस होता, आणि १८६७ पासून रेल्वे होती. गिरणीचे व्यवस्थापन त्यांनी बेझनजी मेहता या रेल्वेत काम केलेल्या गृहस्थांच्या हाती सोपविले. पहिली यंत्रसामग्री स्वस्तातली घेतली होती आणि ती हलकी निघाली. सुरुवातीच्या काळातच ती बदलावी लागली. म्हणजे आपल्या गावातील यंत्रयुगाचा पहिला धडाच असा की स्वस्त यंत्र पुढे महाग पडते.

दुसरा धडा १८८३ च्या सुमाराचा. सूत कातण्यासाठी त्या काळी इंग्लंडात म्यूल नावाचे यंत्र मान्यता पावलेले होते. ते पुढेमागे सरकत सूत ओढी आणि मग गुंडाळी. ते चालविण्यास कसबी माणूस लागे. अमेरिकेत निघालेले रिंगचे यंत्र ओढणे व गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता करी. टाटांनी ते येथे, नागपुरात, चालवून पाहिले. लँकेशायरचे गिरणीमालक अजून म्यूलवर विसंबून असताना आमच्या गावात रिंगच्या चात्या फिरू लागल्या, आणि मग हळूहळू देशातील इतर गिरण्यांनीही ती वाट धरली. विदर्भातील मनुष्य मागासलेला, असे म्हणणारांनी ही हकीकत अवश्य लक्षात ठेवावी.

पण येथे घाईने टाळ्या वाजवावयाच्या नाहीत. कारण लँकेशायरचीही एक बाजू आहे. १९१३ साली देखील ब्रिटनमधील सुमारे चारपंचमांश चात्या म्यूलच्याच होत्या. हे लोक काय मूर्ख होते? यावर अर्थशास्त्राच्या इतिहासकारांत पुष्कळ वाद झालेला आहे. एक पक्ष म्हणतो, त्यांनी आळस केला आणि बाजार घालविला. दुसरा पक्ष म्हणतो, त्यांच्याकडे कसबी कातणारे होते, बारीक सूत म्यूलवर चांगले निघे, यंत्रे बनविणारे व दुरुस्त करणारे कारखाने शेजारीच होते. मग चालते यंत्र त्यांनी का मोडावे? मला दोन्ही पक्षांत सत्य दिसते. ज्या जुन्या यंत्रामागे माणसे, सुटे भाग आणि कसब उभे आहे, ते जुने असूनही जिवंत असते. मात्र हा आधार सुटत चालला आहे हे ज्याला वेळेवर कळत नाही, त्याचा घात होतो. लँकेशायरचे पुढे काय झाले हे आपण जाणताच.

आणखी एक गोष्ट मालकांच्या चरित्रांत ओझरती येते, पण आम्हाला ती ठळक दिसते. रिंगवर काम करणाऱ्यास म्यूलवाल्याइतके कसब लागत नसे, म्हणून त्याला मजुरीही कमी देता येई. नव्या यंत्राचा लाभ कोणाला, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. एम्प्रेस मिल सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ साली, तेथील कामगारांनी मजुरीच्या दरावरून संप केला. भारतात नोंदल्या गेलेल्या अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते. पुढे याच गिरणीत १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी निघाला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आणि शेवट? १९८६ साली गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद झाली. तिच्या बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. केवळ जुन्या यंत्रांवर सारा दोष टाकणे बरोबर होणार नाही. परंतु जिने रिंग चालवून दाखविली त्या गिरणीचा भोंगा थांबला, आणि आज शुक्रवारी तलावाजवळच्या त्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल उभा आहे. एकदा नवे घेतले म्हणजे कायमचे नवे झालो, असे होत नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

आता संगणकाकडे येतो. संगणक आपल्या कचेऱ्यांत आला तेव्हा कामगार संघटनांनी त्याला विरोध केला, हे मी लपवीत नाही. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने मुंबई व कलकत्ता येथे संगणक बसविण्याचे ठरविले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी मोठे आंदोलन केले. कलकत्त्याच्या इलाको हाउसवर तर पहारे बसले. त्यानंतर सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे बँकांत ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक संघ आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि मर्यादित प्रमाणात यंत्रे आली. १९८४ साली रंगराजन समितीने आपला अहवाल दिला, आणि जाडजूड खातेवह्यांच्या जागी लेजर पोस्टिंग मशीन येऊ लागले.

त्या विरोधास लोक आज हसतात. मी हसत नाही. नोकऱ्यांची काळजी खरी होती आणि वाटाघाटींमुळेच पुष्कळांच्या नोकऱ्या राहिल्या. पण आमची एक चूक मात्र मी कबूल करतो. यंत्र येताना किती यावे, कोणी चालवावे, भत्ता किती द्यावा, यावर आम्ही रात्र रात्र बसलो. ते जुने झाल्यावर कोणी बदलावे, तोवर त्याची देखभाल कोणी करावी, आणि ते बिघडले तर दोष कोणाचा, हे माझ्यासारख्या कार्यकर्त्याने कधी विचारलेच नाही. आम्ही येणाऱ्या यंत्राशी भांडलो. म्हाताऱ्या झालेल्या यंत्राकडे आमचे लक्ष गेले नाही.

तो प्रश्न साऱ्या देशापुढे आला तो पैसे देणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे एटीएमच्या रूपाने. विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली ऑक्टोबर २००१ मध्ये निघाली. ती इतकी रुळली की दुकानापासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र तीच. एटीएमच्या पोटात देखील तीच. कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी तिची देखभाल थांबविली. हा दिवस अचानक उगवला नव्हता. कित्येक वर्षे आधी तो जाहीर झालेला होता. तरीही पुढे तीन वर्षे आपल्याकडील असंख्य एटीएम त्याच प्रणालीवर पैसे मोजीत राहिली. एप्रिल २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याविषयी इशारा दिला. तरी हालचाल मंदच राहिली. शेवटी २१ जून २०१८ रोजी तिने वेळापत्रकच घालून दिले: सप्टेंबर २०१८ पर्यंत निदान पाव यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण, आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे नव्या प्रणालीवर गेलीच पाहिजेत.

या रिझर्व्ह बँकेची एक इमारत आपल्या संविधान चौकात आहे. तिच्यावरून आपण रोज जातो. पण आपण ज्या यंत्रात कार्ड घालतो त्याचा वाली पाच वर्षांपूर्वीच गेलेला असू शकतो, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक होते? मला ठाऊक नव्हते. बँकेचा पैसा वाचत होता आणि जोखीम खातेदाराच्या माथी होती. खातेदाराला कोणी विचारले नव्हते.

जोखीम म्हणजे काय, ते १२ मे २०१७ रोजी जगाला दिसले. त्या दिवशी वॉनाक्राय नावाचा एक विषारी प्रोग्रॅम देशोदेशींच्या संगणकांत शिरला आणि कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी निदान ८१ संस्थांना त्याची झळ लागली. रोग्यांच्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. परिस्थिती इतकी बिकट झाली की कंपनीला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही डागडुजी पुरवावी लागली.

आता या घटनेतील बारकावा पाहा. लोक म्हणतात, जुन्या एक्सपीमुळे हे घडले. प्रत्यक्षात बळी पडलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, ज्याची देखभाल तेव्हा चालू होती. ती फट बुजविण्याचे साहित्य कंपनीने १४ मार्च रोजीच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेले होते. ते कोणी बसविले नव्हते. तात्पर्य, वाली असून चालत नाही. त्याने दिलेले औषध वेळेवर घेणारा माणूसही कचेरीत असावा लागतो. तो माणूस काटकसरीच्या नावाखाली कमी केला की नवे यंत्रही जुन्याच्याच पंगतीला बसते.

उलट, नवे म्हणजे निर्धोक अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. त्याच वर्षी २७ जून रोजी नॉटपेट्या नावाचा दुसरा उत्पात झाला. आपल्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले; कंटेनरांची नोंद हाताने करण्याची पाळी आली. हे विष प्रथम पसरले कशातून? युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या सुधारणेतून. ज्यांनी आज्ञाधारकपणे सुधारणा बसविली, त्यांच्याच घरात ते आधी शिरले. आणि १९ जुलै २०२४ रोजी तर चोरही नव्हता. संरक्षण करणाऱ्या एका कंपनीच्या सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. तेव्हा खजिनदारांची धास्ती केवळ कंजूषपणाची नव्हती, हे मी तरुणांना सांगितले.

मग जुने यंत्र चांगले चालविल्याचे काही उदाहरण आहे काय? आहे, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या खिशात येऊन गेलेले आहे. रेल्वेचे आरक्षणाचे तिकीट. संगणकावरील आरक्षण दिल्लीत १९८५-८६ च्या सुमारास सुरू झाले आणि पुढे सर्व देशभर पसरले. नागपूरसारख्या जंक्शनावर रात्रीबेरात्री उभे राहणाऱ्यास त्याची किंमत सांगावयास नको. या व्यवस्थेखाली जी कार्यप्रणाली दीर्घकाळ राबत आली तिचे नाव व्हीएमएस. ती निघाली १९७७ साली, म्हणजे एम्प्रेस मिलनंतर बरोबर शंभर वर्षांनी. एक्सपीहून ती चोवीस वर्षांनी थोरली. तरीही तिने कोट्यवधी तिकिटे काढली. याचे कारण असे की रेल्वेने त्यासाठी स्वतःचे केंद्र उभारले, स्वतःची माणसे शिकविली आणि देखभाल कधी सोडली नाही. ज्या कंपनीकडे ही प्रणाली होती तिने २०१३ साली अंग काढून घेण्याचे जाहीर केले, तेव्हा २०१४ साली दुसऱ्या एका कंपनीने तिचा भार उचलला. म्हणजे वाली बदलला, पण प्रणाली पोरकी झाली नाही.

म्हणून मी या निष्कर्षास आलो आहे की यंत्राचे वय त्याच्या जन्मतारखेवरून मोजू नये. त्याची जबाबदारी घेणारा आज कोणी आहे की नाही, यावरून मोजावे. कोणी नसेल, तर ते बाहेरच्या जगाशी जोडलेले आहे काय, हे पाहावे. आणि शेवटी, ते फसले तर नुकसान कोणाचे होईल, हे विचारावे. नुकसान ठरविणाराचेच होणार असेल तर त्याने खुशाल धोका पत्करावा. पण ठरविणारा एक आणि भोगणारा दुसरा असेल, तर भोगणाराला न विचारता जुने चालू ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही.

हा शेवटचा मुद्दा मी अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतील आमची एक सभासद भगिनी रडत कचेरीत आली. तिच्या टेबलावरील संगणक फार जुना होता. एके दिवशी सायंकाळी तो बंद पडला तो उठलाच नाही, आणि दिवसभराच्या नोंदी गेल्या. रोख आणि हिशेब जुळेना. दुसऱ्या दिवशी तिच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडली. हलगर्जीपणा हा आरोप. पंधरा वर्षांच्या नोकरीत तिच्यावर एकही ठपका नव्हता. मी तिला विचारले, "ताई, यंत्र अडते हे तुम्ही कधी कळविले होते काय?" ती म्हणाली, "भाऊ, तीनदा लिहून दिले." तीनही अर्जांच्या प्रती, पोहोच घेतलेल्या, तिने घरी जपून ठेवल्या होत्या. त्या तीन कागदांवर तिची नोकरी वाचली. नसते तर? संगणक बदलण्याचा अधिकार तिला नव्हता, बदलण्याचे पैसे तिच्याजवळ नव्हते. पण शिक्षा मात्र तिलाच झाली असती. तेव्हापासून मी प्रत्येक सभेत सांगतो की यंत्र अडले की लिहून द्या आणि पोहोच घ्या.

आता आमच्या कचेरीतील संगणकाचे काय केले, ते सांगून संपवितो. कंपनीने व्यक्तींसाठी वर्षभराची आणि संस्थांसाठी तीन वर्षांपर्यंतची मुदतवाढ देऊ केली होती. पण संस्थांचा दर दर वर्षी दुप्पट होणारा. नवी प्रणाली आमच्या यंत्रावर बसत नाही, कारण तिला नव्या जातीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची विशिष्ट चिप लागते. म्हणजे पेटी धडधाकट, पण अपात्र. अशी लाखो धडधाकट यंत्रे भंगारात जाणार, आणि ती उघड्या हातांनी फोडणारे, तारा जाळून तांबे काढणारे कामगार पुन्हा आपलेच. त्यांचा विचार न करता "टाका" म्हणणे मला पटले नाही. पण "चालते ना" म्हणून सभासदांची नावे आणि खटले उघड्या दारात ठेवणे हेही पटले नाही.

आम्ही असे केले. सर्व कागदपत्रांच्या दोन प्रती काढल्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. एका सभासदाचा मुलगा अभियांत्रिकीला आहे; त्याने त्याच पेटीवर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बसवून दिली, जिची देखभाल आजही चालू आहे. केरळातील सरकारी शाळांनी ही वाट फार पूर्वी धरली, आणि आपल्या सी-डॅकनेही २००७ साली बॉस नावाची अशीच प्रणाली काढली, तेव्हा आम्ही काही साहस केले असे नाही. एक जुना हिशेबाचा प्रोग्रॅम तिच्यावर चालेना. तो दुसऱ्या एका जुन्या संगणकावर ठेवला आणि त्याची इंटरनेटची तार काढून टाकली. आणि कार्यकारिणीच्या वहीत ठराव लिहिला: या यंत्रांची देखभाल अमुक माणसाने करावयाची, दर महिन्याला पाहावयाचे, आणि बिघाड झाला तर जबाबदारी कार्यकारिणीची, टंकलेखन करणाऱ्या मुलीची नव्हे.

खजिनदारांनी त्यावर सही केली. तरुण मंडळींनीही केली, जरा नाखुशीने. ठरावाची प्रत कचेरीच्या भिंतीवर, संगणकाच्या वरच लावलेली आहे. आपण ज्या कचेरीत, बँकेत, दवाखान्यात काम करता, तेथे असा कागद भिंतीवर आहे काय, एवढे उद्या सकाळी गेल्यावर पाहावे, आणि नसेल तर लेखी मागावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.